समीक्षकांचे गुण आणि आपली आवड: ७१, ८२, ९७ हे आकडे कसे वाचावेत?

प्रश्न – इंदिरानगरकर

नमस्कार. मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीची नोकरी करतो. प्लेस्टेशन ५ वर गेम खेळणे हा माझा आवडता छंद आहे. परंतु त्यासाठी वेळ फार थोडा मिळतो आणि नवा मोठा गेम आता पाच हजार रुपयांच्या घरात जात असल्यामुळे वर्षाकाठी मोजकेच गेम घेणे परवडते. म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वी मी मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर समीक्षकांचे एकत्रित गुण पाहतो आणि मगच निर्णय घेतो. अलीकडे मात्र या पद्धतीबद्दल माझ्या मनात शंका निर्माण झाली आहे.

‘डेज गॉन’ हा २०१९ मधील गेम समीक्षकांच्या लेखी ७१ गुणांचा ठरला, तर त्याच्या आदल्या वर्षी आलेल्या ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ला ९७ गुण मिळाले. ओसाड पडलेल्या ऑरेगॉनमधून मोटारसायकलवर फिरणे, पेट्रोल शोधत राहणे आणि अंगावर धावून येणाऱ्या झुंडींना हुलकावणी देणे या गोष्टींत मी पहिल्या गेममध्ये अक्षरशः गुंग झालो. दुसऱ्या गेमची कारागिरी मला मान्य आहे, परंतु त्याचा संथ वेग, घोड्यावरचे लांबलचक प्रवास आणि प्रत्येक कपाट उघडून एकेक वस्तू हाताने उचलण्याची पद्धत यांमुळे कामावरून थकून आल्यावर माझे मन त्यात रमत नाही. समीक्षकांचे चुकले असे माझे म्हणणे नाही. दोन गेममधील २६ गुणांचे हे अंतर माझ्यासारख्या खेळाडूला नेमके काय सांगते, एवढेच मला समजून घ्यायचे आहे.

दुसरी अडचण मतभेदांची आहे. ‘डेथ स्ट्रँडिंग’ला जपानच्या ‘फामित्सू’ या गेमविषयक नियतकालिकाने ४० पैकी ४० गुण दिले आणि आयजीएन या संकेतस्थळाने १० पैकी ६.८, आणि मेटाक्रिटिकवर त्याची सरासरी ८२ दिसते. ‘ब्लॅक मिथ: वुकाँग’च्या बाबतीत समीक्षकांचा आकडा ८१ आहे, तर स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावर ९६ टक्के खेळाडूंचा अभिप्राय अनुकूल आहे. अशा वेळी कोणाचे ऐकावे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.


उत्तर – संख्याशास्त्र (नाशिकरोड)

आपला प्रश्न माझ्या विषयाच्या अगदी जवळचा आहे. मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते आणि गेमही खेळते, म्हणून या आकड्यांच्या जडणघडणीबद्दल थोडे विस्ताराने लिहिते.

प्रथम मोजपट्टीविषयी. आपल्या गुणपत्रिकेत ७१ टक्के म्हणजे प्रथम श्रेणी, आणि त्यामुळे ७१ या आकड्याकडे आपण नकळत त्याच नजरेने पाहतो. गेमच्या समीक्षेत मात्र शून्य ते ५० हा पट्टीचा अर्धा भाग फारसा वापरलाच जात नाही. बिघाडांनी भरलेले किंवा अर्धवट सोडलेले गेमच तिथे जातात आणि बहुतेक व्यावसायिक गेम ६५ ते ९० या पट्ट्यात दाटीवाटीने बसतात. मेटाक्रिटिकही हे गृहीत धरते. तिथे चित्रपटाला ६१ गुणांपासून हिरवा रंग मिळतो, पण गेमला तोच रंग मिळण्यासाठी ७५ गुण लागतात. त्यामुळे ‘डेज गॉन’चे ७१ हे पिवळ्या रंगात, म्हणजे ‘संमिश्र’ या वर्गात मोडतात. समीक्षकांना तो गेम टाकाऊ वाटला असा याचा अर्थ होत नाही, परंतु मनापासून शिफारस करावी असाही तो त्यांतील बहुतेकांना वाटला नाही.

आता सरासरीविषयी. मेटाक्रिटिक साधी सरासरी काढत नाही. ते काही प्रकाशनांच्या मताला अधिक भार देते, आणि कोणाला किती भार दिला जातो हे त्याने कधीही जाहीर केलेले नाही. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ओपनक्रिटिकने याच कारणासाठी भार देणे टाळले; तिथे निवडक समीक्षकांची साधी सरासरी आणि तिच्या शेजारी किती टक्के समीक्षकांनी गेमची शिफारस केली हा वेगळा आकडा, असे दोन्ही दिसतात. त्याखेरीज प्रत्येक प्रकाशनाची पट्टी निराळी असते. ‘फामित्सू’मध्ये चार समीक्षक प्रत्येकी दहापैकी गुण देतात आणि त्यांची बेरीज छापली जाते. एखादे प्रकाशन पाचपैकी तीन तारे देते, त्याच्या लेखी तीन तारे म्हणजे ‘चांगला गेम’ असतो. परंतु शंभराच्या पट्टीवर त्याचे ६० होतात आणि तो पिवळ्या रंगात जाऊन बसतो. समीक्षकाने लिहिलेला अर्थ या रूपांतरातच बदलून जातो.

‘डेथ स्ट्रँडिंग’बाबत माझे स्पष्ट मत असे आहे की तिथे ८२ हा आकडा जवळजवळ निरर्थक आहे. एखाद्या गेमला सगळ्यांनी ८० ते ८५ दिले तरी सरासरी ८२ येते, आणि अर्ध्यांनी डोक्यावर घेतला व बाकीच्यांनी नाकारला तरीही ती ८२ येऊ शकते. पहिला गेम बहुतेकांना बरा वाटेल. दुसरा काहींच्या आयुष्यभर स्मरणात राहील आणि काहींना कंटाळा आणील. हा फरक दाखवण्यासाठी सरासरीच्या जोडीला प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीपासून किती विखुरलेले आहेत याचे माप, द्यावे लागते आणि ते मेटाक्रिटिकसारखे गुण एकत्र करणारे कोणतेही संकलक ठळकपणे देत नाही. त्यामुळे सर्वांत वरचे आणि सर्वांत खालचे गुण देणारी परीक्षणे आपणच उघडून वाचणे, हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

स्टीमचे ९६ आणि समीक्षकांचे ८१ यांची तुलना मुळात करता येत नाही, कारण ही दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. स्टीम खेळाडूला एवढेच विचारते की तुम्ही या गेमची शिफारस कराल का. हो किंवा नाही, याखेरीज तिसरा पर्याय नाही. शंभर जणांना गेम जेमतेम बरा वाटला आणि त्यांतील ९६ जणांनी ‘हो’ म्हटले तरी आकडा ९६ टक्केच येईल. शिवाय तिथे मत देणारे बहुतेक जण तो गेम आवडेल म्हणूनच विकत घेतलेले असतात, तर समीक्षकाला अनेकदा नेमून दिलेला गेम खेळावा लागतो.

आपल्या २६ गुणांच्या अंतराचे एक कारण मात्र आकडेशास्त्राच्या पलीकडचे आहे. समीक्षकाला मोठा गेम प्रकाशनाच्या थोडे दिवस आधी मिळतो आणि मुदतीत लिहायचे असल्यामुळे तो दिवसदिवसभर सलग खेळावा लागतो. ‘डेज गॉन’मध्ये तीच तीच कामे पुन्हा येतात ही तक्रार अनेकांनी केली आणि सलग खेळणाऱ्याला ती जाणवणारच. आपण मात्र पाळी संपल्यावर थोडा वेळ खेळता; तेव्हा तीच पुनरावृत्ती ओळखीची आणि विसावा देणारी वाटू शकते. उलट ‘रेड डेड रिडेम्प्शन २’चा संथपणा तासन्‌तास बुडून राहणाऱ्याला श्रीमंत वाटतो आणि थोडक्या वेळात बसत नाही. समीक्षकांची खेळण्याची परिस्थिती आपल्याहून वेगळी असते, हे कोणत्याही गुणाच्या शेजारी लिहिलेले नसते.


उत्तर – कॅनडा कॉर्नर

वरील उत्तर उत्तम आहे. त्यात मला एका गोष्टीची भर घालायची आहे आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते: गुण कोणत्या यंत्रावरच्या आणि कोणत्या दिवशीच्या गेमला दिले आहेत? मी संगणक जोडून देण्याचा आणि दुरुस्तीचा व्यवसाय करतो. गेमला ९० गुण आहेत, मग माझ्याकडे तो अडखळत का चालतो, असे विचारत विद्यार्थी लॅपटॉप घेऊन येतात, तेव्हा उत्तर बहुधा या प्रश्नातच असते.

‘सायबरपंक २०७७’चे उदाहरण प्रत्येक ग्राहकाने लक्षात ठेवावे असे आहे. १० डिसेंबर २०२० ला तो बाजारात येण्यापूर्वी समीक्षकांना केवळ पीसीची आवृत्ती देण्यात आली आणि आरंभीच्या परीक्षणांत स्वतः चित्रित केलेली दृश्ये दाखवण्यास मनाई होती. त्या परीक्षणांवरून ज्यांनी प्लेस्टेशन ४ साठी गेम घेतला त्यांच्या हाती काही वेगळेच पडले. आज मेटाक्रिटिकवर त्याच गेमच्या पीसी आवृत्तीला ८६ आणि प्लेस्टेशन ४ आवृत्तीला ५७ गुण दिसतात. सोनीने १८ डिसेंबरला तो आपल्या दुकानातून काढून टाकला आणि जून २०२१ पर्यंत तो तिथे परतला नाही. एकाच नावाच्या वस्तूला २९ गुणांचे अंतर, आणि हे अंतर दाखवणारी परीक्षणे पैसे भरून झाल्यानंतर आली.

उलट दिशेचे उदाहरण २०१५ च्या ‘बॅटमॅन: आर्कम नाईट’चे आहे. कन्सोलवर त्याचे कौतुक झाले, मात्र पीसीची आवृत्ती इतकी सदोष निघाली की प्रकाशकाला तिची विक्री थांबवावी लागली आणि ती शरद ऋतूत पुन्हा सुरू झाली. तेव्हा केवळ गेमचे नाव टाकून दिसणारा पहिला आकडा पाहू नये. आपल्या यंत्राची आवृत्ती निवडून तिचा आकडा पाहावा आणि त्यामागे किती परीक्षणे आहेत तेही तपासावे. मेटाक्रिटिक चार परीक्षणे जमली की आकडा दाखवू लागते. चारांची सरासरी आणि शंभरांची सरासरी एकाच रंगाच्या चौकटीत सारख्याच अधिकाराने उभी असते.

दिवसाचा मुद्दाही तितकाच गंभीर आहे. मार्च २०१३ मध्ये ‘सिमसिटी’ आला तेव्हा तो इंटरनेटशिवाय चालत नव्हता. समीक्षकांनी प्रकाशनापूर्वी, सर्व्हरवर गर्दी नसताना तो खेळला आणि ‘पॉलिगॉन’ने त्याला ९.५ गुण दिले. प्रत्यक्ष विक्री सुरू होताच सर्व्हर कोलमडले. ‘पॉलिगॉन’ने गुण आधी ८ आणि नंतर ४ वर आणले. मला त्यांची ही कृती प्रामाणिक वाटली, पण मेटाक्रिटिक प्रथम प्रसिद्ध झालेलाच गुण नोंदवते, त्यामुळे तिथे तो ९.५ राहिला. हा नियम प्रकाशकांनी नंतर दबाव आणून गुण वाढवून घेऊ नयेत यासाठी उपयोगी आहे, हे मी मान्य करतो. परंतु त्याची किंमत ग्राहक मोजतो.


उत्तर – मखमलाबाद रोड

वरील दोन्ही उत्तरे वाचून असे वाटते की समीक्षकांचे गुण कसे वाचावेत यावर आपण फार श्रम घेत आहोत. माझे मत असे की सामान्य खेळाडूंचे अभिप्राय अधिक उपयोगी आहेत. स्टीमवर प्रत्येक अभिप्रायासोबत त्या व्यक्तीने किती तास गेम खेळला हे दिसते, गेल्या ३० दिवसांचे अभिप्राय वेगळे पाहता येतात आणि गेम सुधारला किंवा बिघडला की तो आकडा बदलतो. ‘नो मॅन्स स्काय’ हा २०१६ मध्ये आला तेव्हा प्लेस्टेशन ४ वर समीक्षकांनी त्याला ७१ गुण दिले आणि तो आकडा आजही तसाच आहे. त्याच्या निर्मात्यांनी पुढे वर्षानुवर्षे विनामूल्य भर घालून गेमचे रूप पालटले. खेळाडूंनीही त्याची नोंद घेतली आणि २०२४ मध्ये स्टीमवरील त्याचा एकूण अभिप्राय ‘अतिशय सकारात्मक’ या पातळीवर पोहोचला.

खेळाडू रागाच्या भरात गटाने वाईट गुण देतात असा आक्षेप घेतला जातो. मे २०२४ मध्ये ‘हेलडायव्हर्स २’च्या पीसी खेळाडूंवर प्लेस्टेशनचे खाते जोडण्याची सक्ती जाहीर झाली तेव्हा त्यांनी नकारात्मक अभिप्रायांचा पाऊस पाडला, आणि काही दिवसांतच सोनीने तो निर्णय मागे घेतला. प्लेस्टेशनची सेवाच नसलेल्या अनेक देशांत गेम विकला गेला होता, त्यामुळे तो राग न्याय्य होता. कोणत्याही समीक्षकाच्या गुणांनी हे काम केले नसते.


उत्तर – संख्याशास्त्र (नाशिकरोड)

मखमलाबाद रोड यांचा ३० दिवसांचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. मात्र जून २०२० मध्ये ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’ आला तेव्हा समीक्षकांची सरासरी ९३ होती आणि मेटाक्रिटिकवर खेळाडूंची सरासरी प्रकाशनाच्या दिवशीच दहापैकी चारच्याही खाली गेली. तो गेम पूर्ण करायला २० तासांहून अधिक वेळ लागतो, म्हणजे त्या दिवशी शून्य गुण देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो संपवलेला असणे शक्यच नव्हते. यानंतर मेटाक्रिटिकने प्रकाशनापासून ३६ तास खेळाडूंचे गुण न स्वीकारण्याचा नियम केला. ‘हेलडायव्हर्स २’चा राग कितीही न्याय्य असला तरी त्या आठवड्यात तो आकडा पाहणाऱ्या नव्या ग्राहकाला गेम खेळायला कसा आहे हे कळत नव्हते. निषेध आणि मूल्यमापन ही दोन वेगळी कामे आहेत आणि एकाच अंकात दोन्ही कोंबली की दोन्ही वाचता येत नाहीत.


उत्तर – पंचवटी

माझ्या मते आकड्याला इतके महत्त्व आले याला आपण वाचक जितके कारणीभूत आहोत तितकाच हा उद्योगही आहे. ‘फॉलआऊट: न्यू व्हेगास’ हा २०१० मधील गेम ऑब्सिडियन या संस्थेने बनवला. मेटाक्रिटिकवर ८५ गुण मिळाले तरच संस्थेला अधिलाभांश (बोनस) मिळेल असे करारात होते, हे तिथले ख्रिस अ‍ॅव्हेलोन यांनी २०१२ मध्ये जाहीरपणे सांगितले. गेमला ८४ गुण मिळाले. ज्या आकड्यातील भार गुप्त आहे, त्याच्या एका गुणावर माणसांचा मोबदला ठरावा हे मला अन्यायाचे वाटते, आणि तोही अशा गेमच्या बाबतीत, ज्याचे नाव आज भूमिकाप्रधान गेमच्या चर्चेत त्याच्याहून अधिक गुण मिळवणाऱ्या अनेकांच्या आधी घेतले जाते.

दबाव समीक्षकांवरही येतो. २००७ मध्ये गेमस्पॉटचे जेफ गर्स्टमन यांनी ‘केन अँड लिंच: डेड मेन’ला १० पैकी ६ गुण दिले. त्या वेळी त्या संकेतस्थळावर त्याच गेमच्या मोठ्या जाहिराती झळकत होत्या. त्यांना कामावरून काढण्यात आले आणि प्रकाशकाच्या नाराजीचा त्याच्याशी संबंध होता हे त्यांनी २०१२ मध्ये सांगितले. याचा अर्थ सगळे समीक्षक विकले गेले आहेत असा मुळीच नाही. उलट, त्यांनी मोठ्या प्रकाशकाच्या गेमला ६ देण्याचे धैर्य दाखवले म्हणून तर हे घडले.

यावर उपाय म्हणून काही प्रकाशनांनी गुण देणेच बंद केले. ‘युरोगेमर’ने २०१५ मध्ये गुण सोडून ‘अत्यावश्यक’, ‘शिफारस’ आणि ‘टाळा’ अशा शेऱ्यांवर काम चालवले, परंतु २०२३ मध्ये ते पाच ताऱ्यांकडे परतले. आकडा नसला की संकलकाच्या सरासरीत स्थान मिळत नाही आणि वाचकही कमी येतात, हे त्यामागचे व्यावहारिक वास्तव असावे असे मला वाटते. मला स्वतःला शेऱ्यांची पद्धत अधिक आवडत होती.

आपल्याला आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. बहुतेक समीक्षक अमेरिका, युरोप आणि जपानमधील आहेत आणि गेम भारतीय असला की त्यांचे आणि आपले वाचन वेगळे होते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ २०२० मध्ये आला. त्यातील पहाडी लघुचित्रांची शैली आणि राजस्थानी वास्तुकला यांचे सर्वांनी कौतुक केले, आणि लढाई साचेबद्ध आहे व शेवट अचानक येतो अशी तक्रारही केली. ही तक्रार रास्त आहे, मी ती नाकारणार नाही. पण दुर्गा आणि विष्णू निवेदन करत आहेत आणि आपल्या ओळखीच्या कथा भिंतीवरच्या चित्रांतून उलगडत आहेत, हा अनुभव मला दुसऱ्या कोणत्याही गेमने दिलेला नाही, आणि त्याचे मोल परक्या समीक्षकाच्या गुणात उतरणे अवघड आहे. टोरांटोच्या चमूने बनवलेला ‘वेन्बा’ हा तमिळ स्थलांतरित कुटुंबाच्या स्वयंपाकघरातला छोटासा गेमही असाच. अनेक परीक्षणांत त्याच्या लहान लांबीचा उल्लेख आला, तरी २०२४ मध्ये स्वतंत्र गेम महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार त्याला मिळाला. आईच्या हातच्या इडलीची कृती अर्धवट फाटलेल्या वहीतून जुळवण्याला किती गुण द्यावेत हे ज्याने त्याने ठरवावे.

म्हणून इंदिरानगरकर यांना माझी विनंती आहे की त्यांनी आकड्यांऐवजी एखाद-दोन समीक्षक निवडावेत. आपण आधीच खेळलेल्या गेमवर त्यांनी काय लिहिले आहे ते वाचावे. त्यांचे मत आपल्याशी जुळणे आवश्यक नाही. ते कशामुळे कंटाळतात आणि कशात रमतात हे सातत्याने कळले, म्हणजे त्यांच्या नावडीवरूनही आपली आवड ओळखता येते.


प्रश्नकर्ता – इंदिरानगरकर

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. सलग खेळणे आणि थोडे थोडे खेळणे यांतील फरकाचा मी कधी विचार केला नव्हता. आता एक नेमका प्रश्न विचारतो. मला ‘सायबरपंक २०७७’ घ्यायचा आहे. वर दिलेल्या ८६ आणि ५७ या आकड्यांपैकी मी कोणता पाहावा?


उत्तर – कॅनडा कॉर्नर

दोन्हीही पाहू नयेत. ते २०२० च्या गेमचे आकडे आहेत आणि तो गेम त्या रूपात आता अस्तित्वात नाही. प्लेस्टेशन ५ ची स्वतंत्र आवृत्ती फेब्रुवारी २०२२ मध्ये आली आणि सप्टेंबर २०२३ च्या २.० अद्ययावतीकरणात कौशल्यांची रचना, पोलिसांचे वर्तन आणि लढाईचा पायाच बदलला. त्याच महिन्यात ‘फँटम लिबर्टी’ ही जोडकथा आली. तिची परीक्षणे २.० वर खेळून लिहिलेली असल्यामुळे मूळ गेमची आजची स्थिती जाणून घ्यायलाही तीच वाचावीत. गुणापेक्षा त्यांतील खेळण्याच्या वेगाविषयीचे परिच्छेद आपण नीट वाचा, कारण ‘रेड डेड रिडेम्प्शन २’मध्ये आपल्याला तीच अडचण आली होती. माझ्या मते हा गेम त्याहून वेगवान आहे आणि उपकथा छोट्या असल्यामुळे एका बैठकीत एखादी पुरी होते.

आपल्या कन्सोलला डिस्क ड्राइव्ह असेल तर प्लेस्टेशन ४ ची वापरलेली डिस्कही चालेल, कारण तिच्यावरून प्लेस्टेशन ५ ची आवृत्ती विनामूल्य उतरवून घेता येते. मात्र ती आवृत्ती बरीच मोठी आहे, तेव्हा ब्रॉडबँडची मासिक मर्यादा तपासून रात्रपाळीला जाताना ती उतरवायला लावावी. ‘फँटम लिबर्टी’ त्या डिस्कवर नसते. ती स्वतंत्रपणे विकत घ्यावी लागते आणि प्लेस्टेशन ४ वर ती मिळतच नाही, त्यामुळे खरेदी करताना आवृत्तीचे नाव वाचूनच पैसे भरावेत.